दहा लिटरचं गॅस्केट

आवाज आमच्या गल्लीत सगळेच करतात. वरच्या मजल्यावरचे सर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, सकाळी घसा साफ करतात तेव्हा माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. समोरचीचं बाळ भोकाड पसरतं तेव्हा कावळेसुद्धा दुसरं झाड बघतात. पण नोटीस कोणाला आली? माझ्या गाडीला.

गाडी म्हणजे व्हॅन. आमच्या लॉन्ड्रीची. लॉन्ड्री आता नाही, आमचे हेही नाहीत, व्हॅन आहे. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, कुठल्या कुठल्या साहेबांचे शर्ट असं अर्ध्या गावाचं मळकं ह्यांनी त्या गाडीतून आणलं आणि पांढरं करून परत पोचवलं. मी शेजारच्या सीटवर. मांडीवर शर्टांची चळत, कारण मागे टाकले की इस्त्री मोडते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ह्या जुन्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. म्हणजे माझ्या खाली. थंडीत बरं वाटायचं. उन्हाळ्यात मी अंड्यासारखी उकडून निघायचे.

आता गाडी कुठे जात नाही. रोज सकाळी मी चहाचा कप घेऊन माझ्या सीटवर बसते, हात लांब करून किल्ली फिरवते, चहा संपेपर्यंत गाडी चालू ठेवते आणि बंद करते. बॅटरी उतरू नये म्हणून. लोक विचारतात, 'ड्रायव्हरच्या सीटवर बसून का नाही सुरू करत?' मला गाडी चालवता येत नाही, मग उगाच त्या जागेवर बसून सोंग कशाला करू?

तर आवाज. फट-फट-फटाक, मग एक उसासा, मग पुन्हा फट-फट-फटाक. ह्यांच्या शेवटच्या वर्षांत तो लागला. हे म्हणायचे, 'करून घेऊ,' आणि करून न घेताच गेले. मला त्याची अडचण नव्हती, उलट सोय होती. मी घरी असले की कोपऱ्यावर फटाक ऐकून कुकर चढवायचे. तिसरी शिट्टी आणि ह्यांच्या चपला एकदमच वाजायच्या.

एके दिवशी काचेवर कागद चिकटवलेला दिसला. मी वाचते, पण अक्षराला अक्षर जोडत, आणि सरकारी अक्षरं लवकर जुळत नाहीत. सरांनी वरच्या खिडकीतून चष्मा लावून तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा वाचला, स्वल्पविरामासकट. आवाज व धूर मर्यादेबाहेर. महिनाअखेरीस तपासणीत पास करून घ्यावी, अन्यथा वाहन उचलून नेण्यात येईल.

'मी सांगतच होतो, वहिनी,' सर म्हणाले. त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. नुसतं खोकलले होते.

रविवारी चिरंजीवांचा फोन येतो. त्यांना बातमी सांगितली तर स्वर एकदम हलका झाला. 'बरंच झालं की, आई. जाऊ दे भंगारात. एकदा गाडी गेली की घराचंही बघू. तू इकडेच ये.'

इकडे म्हणजे बाराव्या मजल्यावर. मी जाऊन आले आहे. लिफ्टमध्ये सगळे आपापल्या बुटांकडे बघतात आणि घरात आपापल्या फोनकडे. मला दिलेल्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं आणि मी होते, दोघीही घडी घालून भिंतीला टेकवल्यासारख्या. म्हणून मी लगेच ओळखलं. आधी गाडी, मग घर, मग मी. भंगारवाला एकच, फेऱ्या तीन.

'गाडी पास झाली तर?' मी विचारलं.

'आई, ती काय पास होते!'

'झाली तर हा विषय परत काढायचा नाही.'

'बरं,' तो म्हणाला. वडिलांसारखंच म्हणाला, पण ह्यांच्या 'बरं'मध्ये माणूस असायचा.

गल्लीच्या टोकाला गॅरेज आहे. तिथला मेकॅनिक कुठल्याही दुरुस्तीची सुरुवात हातोडीने करतो, म्हणून त्याला सगळे हातोडीच म्हणतात. त्याने येऊन गाडी गॅरेजात नेली, चालू करायला लावली, कान लावला, हाताने धूर चाचपला, हात भाजून घेतला आणि लांब चेहरा करून म्हणाला, 'काकू, गॅस्केट गेलंय.'

'बस? एवढंच?'

'एवढंच.'

'मग सुतक असल्यासारखे काय बसलात? थांबा.'

आता जिने आयुष्यभर कुकर लावला तिला गॅस्केट म्हणजे काय हे कोणी शिकवावं? गॅस्केट सैल झालं की वाफ कडेने निघते, फस्स-फस्स होतं, शिट्टी होत नाही. गाडीचंही तेच, धूर कडेने निघतो आणि फट-फट होतं. रोग एक, औषध एक. आणि माझ्या खणात कोरं गॅस्केट होतं, दहा लिटरच्या कुकरचं. चिरंजीव सहकुटुंब अख्खी सुट्टी राहायला येणार म्हणाले होते तेव्हा आणलेलं. ते आले, दोन दिवस राहिले, दोन्ही दिवस बाहेर जेवले. पाकीट फोडायची वेळच आली नाही. एकटीला कुकर लागत नाही. एकटीला पातेलंही मोठं होतं.

मी ते गॅस्केट नेऊन हातोडीच्या हातात ठेवलं. त्याने ते उचललं, उजेडासमोर धरलं आणि त्या गोलातून माझ्याकडे खिडकीतून बघावं तसं बघितलं.

'काकू, हे कुकरचं आहे.'

'मग? अडवायची वाफच ना?'

'तिथे आग असते, काकू. हे रबर. वितळून इंजिनावर ओघळेल.'

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती हसली. एक जण तर इतका हसला की त्याच्या मांडीवरचं हेल्मेट गडगडत रस्त्यावर गेलं. मी माझं गॅस्केट उचललं आणि मान ताठ ठेवून निघाले. मान ताठ असल्यामुळे पायाखालचा पाना दिसला नाही. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

मी लंगडत घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सर खिडकीत उभे. 'वहिनी, गाडीला किती शिट्ट्या देणार?'

'तुमच्या घशाचं गॅस्केट बदललंत की सांगते,' मी म्हटलं आणि दार लावलं. दार लावल्यावर मात्र आत कोणी नव्हतं, ज्याला हे सगळं तिखटमीठ लावून सांगावं. दुःख भाजलेल्या हातासारखं असतं म्हणतात. मला विचाराल तर फजिती जास्त भाजते, कारण ती सांगायला माणूस लागतं.

गाडीचं खरं गॅस्केट म्हणजे पत्र्याची भोकं पाडलेली पट्टी. इंजिन आणि धुराची नळी यांच्या मध्ये बसते. दिसायला काही नाही, पण मिळायला देव आठवतात. सुट्या भागांचा दुकानदार म्हणाला, 'ही गाडी कंपनीने बंद केली.'

'कंपनीने केली असेल, मी नाही केली.'

त्याने कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या जुन्या मालातून मागवलं. आलं तेव्हा हातोडीने बघितलं, तर माझ्या इंजिनाला भोकं चार आणि ह्याला सहा. दुकानदार म्हणतो, 'दोन जास्तच आहेत ना? कमी तर नाहीत?' असल्या माणसाकडे जन्मात सदरे शिवायला टाकू नयेत. परत मागवलं.

तोवर गाड्यांच्या तपासणीचं कार्यालय. खिडकीतल्या कारकुनाने कागद बघितले आणि विचारलं, 'मालक कुठायत?'

'वारले.'

'तपासणीला मालक लागतो.'

'मग मला आणायला जावं लागेल. तिकडून परत यायची सोय आहे का तुमच्याकडे?'

तो हसला नाही. खिडकीत बसवताना बहुतेक हसू काढून ठेवायला सांगत असतील. 'गाडी पत्नीच्या नावावर करून घ्या. पत्नी हयात आहेत?'

'तुमच्याशी बोलतेय ती कोण?'

'तसं नाही चालत, आजी. हयातीचा दाखला लागतो. दोन शेजाऱ्यांच्या सह्या.'

'मी श्वास घेऊन दाखवते, तुम्ही शिक्का मारा.'

'श्वासावर शिक्का बसत नाही, आजी. पुढचे कोण?'

आजी म्हणाला! माझ्या नातवाने मला वर्षभरात इतक्या वेळा आजी म्हटलं नसेल.

घरी येताना बसमध्ये माझ्या डोक्यात एक किडा शिरला. मी जिवंत आहे हे नक्की कोणाला माहीत आहे? चिरंजीवांना रविवारी कळतं. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, त्याला कडीची खात्री असेल. म्हणजे सोमवारी काही झालं तर मला रविवारपर्यंत ताटकळत पडून राहावं लागणार. आणि रविवारी हा म्हणणार, 'आई फोन उचलत नाही, बाजारात गेली असेल.'

सरांकडे गेले. त्यांनी फार वर्षांनी कोणीतरी काहीतरी लिहायला सांगितलं म्हणून कोट घातला. लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'सदर महिला हयात असून त्यांच्या वाहनाचा ध्वनी दररोज सकाळी नियमितपणे ऐकू येतो.' समोरचीने बाळ कडेवर सावरत खाली सही केली.

'खरंच आहे, काकू. तुमच्या फटाकनेच तर हा उठतो.'

'ही साक्ष आहे की तक्रार?'

'तुम्हाला हवं ते समजा,' ती म्हणाली आणि बाळाने कागदावर लाळ गाळून आपलाही शिक्का मारला.

कारकुनाने तो कागद वाचला, पुन्हा वाचला. 'आजी, ह्यात तर गाडीचा आवाज येतो असं लिहूनच दिलंय. मग गाडी पास कशी होणार?'

'तुम्हाला मी जिवंत हवी आहे की गाडी गप्प हवी आहे?'

'दोन्ही,' तो म्हणाला. 'नियमात दोन्ही आहे.'

पण त्याने नाव चढवलं. गाडी माझी झाली. संसारात एवढ्या वर्षांत माझ्या नावावर झालेली ही पहिली वस्तू, आणि तिलाही नोटीस चिकटलेली.

चार भोकांचं गॅस्केट शेवटी आलं तेव्हा महिना संपत आला होता. हातोडीकडे दुसऱ्या गाड्यांची रांग, म्हणून मी ते घरी आणून फ्रीझरमध्ये ठेवलं. कुकरचं सैल झालं की आम्ही बायका तसंच करतो, घट्ट होतं. पत्र्याला काही थंडी बाधत नाही, फायदा झाला तर झाला. दुसऱ्या दिवशी हातोडीने पिशवी उघडली आणि पट्टी उलटीसुलटी करून बघितली.

'काकू, ह्याला वाटाणे चिकटलेत.'

'काढा मग. की त्यालाही पाना लागतो?'

इंजिनापर्यंत पोचायचं तर माझी सीट काढावी लागली. हातोडीने ती उचलून फुटपाथवर ठेवली. मी उभी राहून देखरेख कुठवर करणार? बसले. आपल्याच सीटवर, रस्त्याच्या कडेला, खाली चाकं नाहीत आणि शेजारी ड्रायव्हर नाही. येणारेजाणारे थांबून सल्ले देऊ लागले. एक म्हणे आवाजाला गाडीवर गोधडी घाला. एक म्हणे माझ्या मेव्हण्याने साबण लावून भागवलं होतं. तिसऱ्याने मला विचारलं, बस इथेच थांबते का?

तेवढ्यात हातोडीने सीटखालच्या खोबणीतून मूठभर काहीतरी काढलं. कपड्यांचे चिमटे, माझा हरवलेला कंगवा, आणि गोळ्यांचे कागद. गोड गोळ्यांचे. लाल, पिवळे, हिरवे, नीट घडी घातलेले, चळतच्या चळत.

डॉक्टरांनी ह्यांना साखर बंद केली होती. मी साखरेचा डबा कपाटात ठेवून किल्ली कमरेला बांधली होती. आणि हा माणूस, मी शर्टांच्या घड्या सांभाळत बाहेर बघतेय तोवर, गोळी गालात ढकलून कागद माझ्याच बुडाखाली सरकवत होता! मला जे बोलायचं ते मी बोलले. आवाज चढवून बोलले. हातोडीला वाटलं मी त्यालाच बोलतेय. तो वाकल्या वाकल्या दोनदा 'चुकलं, काकू' म्हणाला.

माझं बोलून संपलं. पूर्वी एवढं बोलल्यावर पलीकडून 'बरं' यायचं. फक्त 'बरं', पण यायचं. मी कागद पदरी बांधल्यासारखे मुठीत धरून बसले. घडी मात्र छान घातली होती. लॉन्ड्रीवाल्याचा हात.

मग 'कट्ट' झालं.

'काय झालं?'

'बोल्ट तुटला. गंजलाय. आत अडकलाय.' हातोडीने तेल सोडलं, ठोकलं, ड्रिल आणलं, ड्रिलचं पातं मोडलं, शेजारच्या लेथवाल्याला बोलावलं, दोघे मिळून आत बघत राहिले. मी सीटवर बसून विचारलं, 'दोन भोकं जास्तीचं होतं ते बसलं असतं का?' दोघांनी डोकी आणखी आत घातली. ऊन उतरलं तेव्हा बोल्ट निघाला, जुनी काजळी खरवडली गेली, नवी पट्टी बसली, सीट जागेवर आली आणि मी सीटवर.

'लावा किल्ली, काकू.'

मी हात लांब करून फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली, तर आतून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंकाळी आली.

'काकू, सोडा! चालू आहे! चालूच आहे!'

मी कान दिला. खरंच होती. कोणीतरी दुसऱ्या खोलीत झोपेत श्वास घ्यावा एवढीच.

तपासणीला हातोडीने गाडी नेली, मी शेजारी. यंत्राची नळी लावली, कारकुनाने शिक्का उचलला. 'पास,' तो म्हणाला, आणि मला वाटतं थोडासा हसला, पण ते दात दुखत असल्यामुळेही असेल. मी रविवारची वाट न बघता चिरंजीवांना फोन केला.

'पास?' तो म्हणाला. 'खरंच?' मग जरा थांबून, 'बरं. विषय बंद.' मागे नातू कुणावर तरी ओरडत होता. 'आई, ठेवू का? रविवारी बोलू.'

जिंकले होते. गाडी राहिली, घर राहिलं, मी राहिले. हे सांगायला मी सरांच्या खिडकीकडे बघितलं, पण ती लावलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप घेऊन गाडीत बसले, किल्ली फिरवली. गाडी चालू झाली म्हणे. मी चहा हातात धरून वाट बघत बसले. कशाची, ते मलाच कळेना. मग लक्षात आलं, मी फटाकची वाट बघतेय. ह्यांचा तेवढाच एक आवाज गल्लीत उरला होता, आणि तो मी फुटपाथवर सीट मांडून, सगळ्या गावाला साक्षी ठेवून, ड्रिल लावून काढायला लावला. चहावर साय धरली.

एवढ्यात माझ्या घराच्या दारावर धाडधाड सुरू झालं. मी गाडीच्या काचेतून बघते तर सर बनियनवर, हातात पडद्याचा दांडा. शेजारी समोरची, कडेवर बाळ.

'वहिनी! वहिनी, दार उघडा!'

'काकू!'

मी गाडीत बसून बघत राहिले. आपल्यामागे लोक काय बोलतात हे ऐकायची संधी माणसाला एरवी मेल्यावरच मिळते, आणि तेव्हा तिचा काही उपयोग नसतो.

'आज आवाज नाही आला,' समोरची म्हणत होती. 'बाळ अजून उठलं नाही, म्हणून माझ्या लक्षात आलं.'

'काल आनंद झाला असेल. ह्या वयात सोसत नाही,' सर म्हणाले. 'मुलाला कळवा.'

'नंबर आहे तुमच्याकडे?'

'नाही. तुमच्याकडे?'

'नाही.'

मग सरांनी दांडा खाली ठेवला, चार पावलं मागे गेले आणि खांदा पुढे काढला. ह्या वयात मुख्याध्यापकाचा खांदा आणि माझं दार, दोन्ही जाणार हे दिसत होतं. मी काच खाली केली.

'दार मोडलंत तर नवं घ्यायला लावीन!'

सर जागच्या जागी उडाले. समोरचीने 'अगं बाई' म्हणून बाळ घट्ट धरलं. बाळ झोपलेलंच.

'गाडी चालू आहे?' सरांनी विचारलं.

'चालू आहे. पास झालेली आहे. तुम्हालाच आवाज नको होता ना?'

'नकोच होता!' सर एकदम चिडले, घाबरलेला माणूस चिडतो तसे. 'म्हणून काय अजिबात यायला नको? आता आम्हाला कळायचं कसं?'

'काय कळायचं?'

सरांनी दांडा उचलला आणि जिना चढून गेले. समोरचीने डोळ्यांवरून हात फिरवला, 'दूध गॅसवर आहे हो, काकू,' म्हणाली आणि धावली. गल्ली पुन्हा रिकामी. सगळं मिळून चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही, तो तर आधीच निवला होता.

मी किल्ली काढली आणि घरात आले. माळ्यावरून दहा लिटरचा कुकर उतरवला, धूळ पुसली. खणातून पाकीट काढून फोडलं. गॅस्केट झाकणाला असं बसलं की जणू त्याच्यासाठीच थांबलं होतं, थांबलं होतंच म्हणा. आत तांब्याभर पाणी आणि दोन बटाटे. विहिरीत दोन खडे टाकावेत तसे दिसत होते. खिडकी सताड उघडली आणि गॅस मोठा केला.

पहिली शिट्टी झाली तेव्हा वर सर खोकलले. दुसरीला समोर बाळ उठलं आणि त्याने गल्ली डोक्यावर घेतली. तिसरी झाली आणि मी सवयीने दाराकडे बघितलं. चपला वाजल्या नाहीत.

'वहिनी!' वरून हाक आली. 'सकाळी सकाळी शिट्ट्या कसल्या?'

'हयातीच्या!' मी खिडकीतून ओरडले. 'रोज तीन होतील. मोजत जा. कमी पडल्या तर खाली या, पण दार हळू ठोका, कडी जुनी आहे.'

वर घसा साफ झाला.

'बरं,' सर म्हणाले.

मी एक बटाटा मीठ लावून खाल्ला. दुसरा झाकून ठेवला. कोण कधी दार मोडायला येईल, सांगता येत नाही.